माकडांना आचारसंहिता लागत नाही

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा मेसेज आला की ज्यांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली आहे त्यांनी कागदपत्रं घेऊन पोलीस ठाण्यात यावं. खाली लगेच आमच्याच वाडीतल्या, पण डोंबिवलीत वाढलेल्या एका पोराने विचारलं, "गावात बंदुका कशाला? गँगवॉर आहे का?" वर हसणारे चेहरे. त्याला तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते एवढं लांबलं की ग्रुपवर टाकलं तर लोक मला काढतील. म्हणून इथे.

तर बाबा, कोकणात शेतकऱ्याच्या माळ्यावर असते ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा घालायचा, गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं. मागे केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची, घोडा ओढायचा आणि मग बार. तो चुकला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. हात बसलेल्या माणसालाही यात बराच वेळ जातो. हे हत्यार घेऊन कोणी दरोडा घालायला गेला तर दुसरा बार भरेपर्यंत घरमालक त्याला चहा विचारेल. आमच्याकडे तर बहुतेक वेळा छर्रेही घालत नाहीत. नुसता आवाज काढायचा असतो. सकाळी माकडांचा कळप काजूत उतरला की एक बार काढायचा. कळप पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे जातो, दुपारी परत येतो, तेव्हा परत एक. काजूचं बोंड हिरवं असतानाच ओरबाडायचं, एक चावा घ्यायचा आणि बी सकट टाकून द्यायचं, ही माकडांची खोड ज्याने झाडाखाली उभं राहून बघितली आहे त्याला बंदूक कशाला हा प्रश्न पडत नाही. नारळाची कोवळी शहाळी, केळी, फणस, काही सुटत नाही. रात्री रानडुकरं आहेतच.

हे कायद्यालाही माहीत आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. खऱ्या शेतकऱ्याने खऱ्या पिकासाठी मागितली तर परवाना द्यायचा, असा त्याचा रोख आहे. नाकारायचा असेल तर चौदाव्या कलमातली कारणं लागतात. ठासणीची पुरत नाही अशी खात्री पटली तर काडतुसाची बंदूकही देता येते. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं तसं नाही. तिथे अर्जदारालाच पटवून द्यावं लागतं की माझ्या जिवाला धोका आहे, मला सबळ कारण आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी 1959 सालीच शेतकऱ्याची बंदूक आणि कमरेचं पिस्तूल वेगवेगळ्या पारड्यांत ठेवलं होतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की साहेबांच्या टेबलावर आल्यावर ही दोन्ही एकाच पारड्यात जातात, आणि गंमत म्हणजे त्रास फक्त शेतकऱ्याला होतो.

नूतनीकरणाचं बघा. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, हे चांगलंच झालं. (त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, असंही ठरलं. आमच्याकडे एकच असतं, ते पण आजोबांच्या काळातलं, तेव्हा तो प्रश्न आमचा नाही.) मुदत संपायच्या साठ दिवस आधी अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइन. परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक पाहिजे, तो नसेल तर परवाना असून नसल्यासारखा. आमच्या वाडीतल्या दोघा म्हाताऱ्यांना आपल्या परवान्यावर असा काही नंबर हवा होता हे नूतनीकरणाच्या वेळीच कळलं. त्याशिवाय सातबारा, आधार, फोटो, चलन, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा अहवाल आणि हत्यार प्रत्यक्ष दाखवणं. यातलं एकही चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. बंदूक आहे, तपासलीच पाहिजे. पण हे सगळं एकाच ठिकाणी होत नाही. तलाठी एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, ठाणं तिसरीकडे, आणि फाइल शेवटी जिल्ह्याला. पंचाहत्तरीच्या माणसाने चार फूट लांब बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याला जायचं आणि तिथे ऐकायचं की संबंधित साहेब आज बंदोबस्ताला गेलेत.

गोणपाट मी गमतीने लिहिलं नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं हेही दिलं आहे. छोटं हत्यार होल्स्टरमध्ये, मोठं त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकून. उगाच मिरवायचं नाही, दाखवायचं नाही. आमचे म्हातारे हा नियम न वाचता पाळतात, कारण एसटीत कंडक्टरच ओरडतो. आणि ज्यांनी तो वाचलेला असायला हवा त्यांची रील्स बघा. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, उतरताना शर्टाचा कोपरा बरोब्बर वर जातो आणि कमरेचं पिस्तूल दिसतं. मागे गाणं. वाढदिवसाला हवेत बार, लग्नात हवेत बार. असा हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. किती जणांना झाला, तुम्हीच आठवून बघा. शहरात पिस्तुलाचा परवाना हा संरक्षणापेक्षा वजनाचा कागद झाला आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या जिवाला खरंच धोका आहे त्याला द्या, माझी ना नाही. पण धोका कोणापासून, हे पाच वर्षांनी परत विचारा की. आमच्याकडे माकडं अजून आहेत का हे बघायला सातबारा मागता, मग त्यांचा शत्रू अजून आहे का हेही विचारा.

माझा भाचा टेक्सासला असतो. तिथे सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. त्याला मी आमच्या फाइलची कथा सांगितली तर तो म्हणाला, मामा, इथे याच्यापेक्षा मासे पकडायला जास्त कागद लागतात. (तिथे गळ टाकायला खरंच परवाना लागतो.) मला ते टेक्सास इथे नको आहे. दर काही महिन्यांनी तिथल्या कुठल्यातरी शाळेची किंवा मॉलची बातमी आपण वाचतो. परवाना पाहिजे, तपासणी पाहिजे. फक्त ती समोरच्या हत्याराकडे आणि माणसाकडे बघून व्हावी.

आता निवडणूक. माझा खरा राग इथे आहे.

2024 ची लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. रायगडला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गला मतदान 7 मे रोजी झालं, निकाल 4 जूनला. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची नोटीस निघते, आणि ती परत मिळतात निकालानंतर आठवडाभराने. आता कोकणातल्या कोणालाही विचारा, मार्चअखेरपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काय असतं? काजू असतो, आंबा असतो, फणस असतो. म्हणजे वर्षभरात बंदूक ज्या दिवसांसाठी लागते, नेमके तेच दिवस ती पोलिसांच्या मालखान्यात. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. तेव्हा भात कापणीला आलेलं. माकडांनी सोडलं ते डुकरांनी लोळून काढलं. आमचे तात्या ठाण्यात बंदूक ठेवताना हवालदाराला म्हणाले, "सायबानु, ही घेवा, पण माकडांका आचारसंहिता खय लागता तां पण सांगा." हवालदारही गावचाच, तो हसला, पण पावती फाडलीच. त्याचा तरी काय दोष? त्याच्या हातात वरून आलेली यादी होती.

आणि यादी सरसकट होती, माझा मुद्दा तोच आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट नाहीत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत नाव आलेले, अशांच्या परवान्यांची छाननी करायची आणि छाननी समितीने ठरवायचं की कोणाचं हत्यार जमा करून घ्यायचं. सगळ्यांचं उचलायचं असं त्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही समितीने प्रत्येक प्रकरण बघावं असंच सांगितलं आहे. पण बघत बसण्यापेक्षा सगळ्यांना एक नोटीस पाठवणं सोपं, म्हणून तात्या आणि तालुक्यातला वाळूवाला एकाच रांगेत. त्यातही वाळूवाला 'जिवाला धोका' म्हणून सूट मागू शकतो, वकील लावू शकतो. तात्यांच्या काजूला धोका आहे, हे कारण त्या अर्जात कुठे लिहायचं?

परत मिळते ती बंदूक कशी असते तेही सांगतो. बंदुकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बॉलपेनने नाव. जूनची दमट हवा, त्यात भिंतीला टेकून उभी ठेवलेली. आमच्या घरची परत आली तेव्हा नळीवर तांबेरा धरला होता, घोडा ओढला तर अर्ध्यावर अडकत होता, आणि गज दुसऱ्याच कोणाच्यातरी बंदुकीचा. तो आमच्या नळीत शिरेना. गज वेगळा आहे म्हटल्यावर उत्तर आलं, "पावतीत बंदूक एक नग लिहिलंय, गज लिहिलेला नाही." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी सुताराकडून सागाचा नवीन करून घेतला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, जमा करताना पावतीवर नळी, दस्ता, गज, पट्टा सगळं लिहून घ्या आणि तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढा.

दुसरी बाजू मी लपवत नाही. कोकणात बिनपरवान्याच्या गावठी बंदुका आहेत, आणि त्या पिकासाठी नाहीत, शिकारीसाठी आहेत. पारधीला गेलेल्यांपैकी कोणीतरी झुडपात हललेलं जनावर समजून आपल्याच माणसावर बार काढतो, अशा बातम्या येतात. परवान्याची बंदूक शेजाऱ्याला 'जरा दे रे आजची रात' म्हणून देणारेही आहेत, आणि तो गुन्हा आहे. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर पिकात शिरलं तरी त्याला मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. हे न कळणारा माणूस परवान्याला लायक नाही, असं मी ठाण्यातही सांगेन. पण बिनपरवान्यावाल्याची बंदूक ना नूतनीकरणाला येते ना निवडणुकीत जमा होते. रांगेत दिसतो तो ज्याने सगळे कागद केले तोच.

खाली कर्नाटकात कोडगूच्या लोकांना तर ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातूनच सूट आहे. ब्रिटिशांच्या काळापासूनची ही सूट केंद्राने 2029 पर्यंत चालू ठेवली आहे. तेवढं आम्ही मागत नाही, त्यांची परंपरा वेगळी. आमचं मागणं फार लहान आहे. पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकांची यादी वेगळी करा. निवडणुकीत ज्याच्यावर गुन्हा नाही अशा शेतकऱ्याची बंदूक जमा करायची असेल तर तसं कारण समितीने लिहून द्यावं. आणि नूतनीकरणासाठी मे महिन्यात, माणसं गावात असताना, ठाण्यात एक दिवस डॉक्टर, तलाठी आणि पोलीस एकत्र बसवा. रक्तदान शिबिराला जमतं तर याला का जमू नये? हे मी आमदारांना दोनदा लेखी दिलं आहे. त्यांनी दोन्ही वेळा खांद्यावर हात ठेवला.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे आणि ती कोणी करत नाही. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याला हयातीतच वारसाचं नाव देऊन परवाना त्याच्याकडे नेता येतो. 2016 च्या नियमांत हे आहे. आमच्या गावात बहुतेक परवाने सत्तरीच्या पुढच्यांच्या नावावर. मुलं मुंबई-पुण्याला. म्हातारा गेला की घरात बिनमालकाची बंदूक राहते, तेरावं होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि कायद्याने ती लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची असते. नाही केली तर घरातल्या माणसावर गुन्हा. मग वारसाने नव्याने अर्ज करायचा, आणि त्याचा पत्ता डोंबिवलीचा बघून साहेब विचारणार, तुम्ही कुठली शेती करता?

तर डोंबिवलीकर, तुझ्या आजोबांची बंदूक अजून माळ्यावर आहे. परवाना मी बघितला आहे, यूआयएन आहे, मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपते आणि आजोबा एकोणऐंशीचे आहेत. तुझ्या काकाचं नाव वारस म्हणून घालायचं असेल तर गणपतीला आलास की त्याला घेऊन माझ्याकडे ये. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का तेवढं आधी बघून ठेव. बाकीच्यांनीही कोणाला अर्ज भरायला मदत पाहिजे असेल तर फोन करा. परवान्याचा फोटो इथे किंवा ग्रुपवर टाकू नका, त्यावर नंबर आणि पत्ता असतो.