मनगटावरचा ओघळ

आज सकाळी पॅरिशच्या ग्रुपवर लागोपाठ दोन मेसेज आले. पहिला, 'तुरिनचं कफन येशूचंच, डॉक्टरांनी सिद्ध केलं.' त्याखाली आमच्याच एका पोराचा, 'खोटं आहे, फॉरेन्सिकवाल्यांनी सिद्ध केलं', आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तुरिनचं कफन म्हणजे इटलीतल्या तुरिन शहरात जपलेलं कापड; त्यावर एका माणसाच्या देहाची प्रतिमा आणि रक्ताचे डाग आहेत, आणि क्रूसावरून उतरवलेल्या येशूला त्यातच गुंडाळलं होतं असं अनेक जण मानतात. डोकंच फिरलं. अरे, कुणाच्या जखमांवर हसताय?

बाबा गेले तेव्हा त्यांचं अंग मी पुसलं. मी नर्स आहे, काम नवं नव्हतं. सलाइनची सुई काढून मनगटावर पट्टी लावलेली. कुशीवर वळवताना हात खाली लोंबला, रक्त बोटांकडे आलं. हात उचलून छातीवर ठेवायला गेले, तर तेच रक्त कोपराकडे वळलं. एकाच जखमेचे दोन दिशांना दोन ओघळ.

२०१८ मध्ये बोरिनी आणि गार्लास्केल्ली या इटालियन संशोधकांनी जिवंत माणसाच्या मनगटाला नळी लावून रक्त सोडून पाहिलं. कफनावरच्या पंजावरचे ओघळ हात ४५ अंशांत असल्याचं सांगतात, आणि कोपर ते मनगट या भागावरचे ओघळ हात जवळजवळ सरळ वर असल्याचं. मेळ बसत नाही, म्हणून खोटं! मला वाचताना बाबांचा हात दिसत होता. क्रूसावरून उतरवलेला देह कुणी उचलला नसेल? वाहून नेला नसेल?

पण 'डॉक्टरांनी सिद्ध केलं'वाल्यांनीही जरा थांबावं. पॅरिसचे सर्जन बार्बे यांनी कापलेल्या हातांत खिळे ठोकून, खिळे तळव्यात नाही तर मनगटात ठोकले होते, असा सिद्धांत मांडला, आणि पुढे अमेरिकेतले शवचिकित्सक झुगिबे यांनी तो खोडला. डॉक्टरांचंच एकमत नाही. आणि हो, १९८८ च्या कार्बन चाचणीत तीन प्रयोगशाळांनी कापड १२६० ते १३९० मधलं ठरवलं. ते खोडायला माझ्याकडे काही नाही. चर्चनेही ते अस्सल असल्याचं कधी अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही, मग तुम्ही कशाला छाती ठोकता?

साडेचार मीटरला जरा कमी असं ते तागाचं कापड. पाठभर फटक्यांचे वळ, एकावर एक ठेवलेले हात, अंगठे दिसतच नाहीत. कुणाचंही असो, कुणी रंगवलेलं असो, तिथे एक मार खाल्लेला माणूस निजलाय. फोटो पाहताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

बाबांच्या हातावरचा तो ओघळ पाहून आईने विचारलं होतं, "दुखलं असेल का गं त्यांना?" नाही, हे मला माहीत होतं. तरी कापूस कोमट पाण्यात बुडवला आणि अगदी हळू पुसलं.