म्हणे हॅरिसचे उपकार!

आज भाच्याची हॅरिस शिल्डची, म्हणजे शाळांच्या क्रिकेट स्पर्धेतली, मॅच बघायला आझाद मैदानावर गेलो होतो. तंबूत शेजारी बसलेले एक काका सहज म्हणाले, "लॉर्ड हॅरिसचे उपकार, नाहीतर आपण अजून विटीदांडूच खेळत असतो." तिथे गप्प बसलो. आता घरी डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

अहो, पारशांनी मुंबईत पहिला क्लब काढला १८४८ मध्ये. तेव्हा हा हॅरिस जन्मलाही नव्हता! १८९० च्या जानेवारीत पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश टीमला हरवलं आणि साहेब मुंबईचे गव्हर्नर होऊन आले एप्रिलमध्ये. कसले उपकार?

मीही एकदाच हॅरिस शिल्ड खेळलो. तीन विकेट काढल्या. पेपरात बारीक अक्षरांत नाव आलं, तेही चुकीचं. बाबांनी कात्रण कापून पाकिटात ठेवलं आणि विचारलं, "हा हॅरिस कोण रे?" मी म्हटलं, "असेल कोणीतरी मोठा माणूस."

मोठा होताच. केंटचा कप्तान. १८८० मध्ये ओव्हलला इंग्लंडमधली पहिली टेस्ट झाली, तेव्हा इंग्लंडचाही कप्तान. पुढे ब्रिटिश सरकारच्या भारत आणि युद्ध खात्यांत उपमंत्री. पण १८७९ मध्ये सिडनीत लोक मैदानात घुसले म्हणून भडकलेला हा माणूस! इथे गोऱ्यांच्या पोलोचे घोडे आपल्या पोरांच्या पिचची माती करत होते. पोरांनी अर्ज केले, तर यानं पोलोवाल्यांची बाजू घेतली. १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली, तेव्हा साहेब पुण्यात, गणेशखिंडीच्या गव्हर्नरच्या बंगल्यात. पेपरवाल्यांनी तेव्हाही त्याच्या क्रिकेटवेडावरून झोडपलं होतंच.

बरं, जिमखान्यांना समुद्राकाठी जमिनी दिल्या. दिल्या, कबूल. त्या पण धर्माधर्माच्या वेगवेगळ्या!

नाव बदला असं मी म्हणत नाहीये. सचिन-कांबळीचे भागीदारीतले ६६४ रन याच शिल्डमधले, ते काय पुसायचेत? आणि खरं सांगायचं तर बाबा गेले तेव्हा पाकिटात रेल्वेच्या पासामागे ते कात्रण तसंच होतं. घडीवर फाटलेलं. माझं चुकलेलं नाव जेमतेम दिसत होतं, 'हॅरिस' मात्र स्पष्ट.

आत्ताच भाच्याचा फोन आला. चार रनवर एलबीडब्ल्यू झालाय आणि विचारतोय, "मामा, उद्या पेपरात येईल का?"