फॉरमॅट मारण्याआधी डबी उघडा

सोलापुरात कॉम्प्युटरला काहीही झालं तरी इलाज एकच सांगतात : "फॉरमॅट मारावं लागतंय." माऊस अडकतोय, फॉरमॅट मारा. फ्लॉपी बाहेर येत नाही, फॉरमॅट मारा. डायल-अप नेट, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून लागणारं इंटरनेट, लागत नसेल तर विचारायलाच नको. मेकॅनिक दारात चपला काढता काढताच पिशवीतून विंडोज ९८ची सीडी काढतो. माझं या इलाजाशी जुनं भांडण आहे. नेट न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हार्ड डिस्कवर नसतंच. ते भिंतीवरच्या पिवळट डबीत असतं, मोडेमच्या (कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या यंत्राच्या) जंपरवर, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोपीवर असतं, नाहीतर एरिया कोडच्या रकान्यात कुणीतरी सढळ हातानं घातलेल्या एका शून्यात असतं.

काळ २००१-०२चा धरू. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, ते आता पेठांपेठांतून पोचलंय. घरात एक पेंटियम १६६ आहे, ३२ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क, सीपीयूवर गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू. पोराच्या प्रोजेक्टचं निमित्त काढून इंटरनेटचं पाकीट आलंय. पाकिटात एक सीडी आहे, आणि पहिला घोळ तीच घालते.

ही सीडी घातली की आपणहून सुरू होते आणि 'नेक्स्ट' दाबायचं आमंत्रण देते. कुणी दाबत राहिलं तर नवा ब्राउझर येतो, त्याच्यावर एक टूलबार, घड्याळाशेजारी एक डायलर आणि कंपनीचं होमपेज. ३२ एमबीत एवढे पाहुणे बसल्यावर घरमालकाला उभं राहावं लागतं. मशिन चालू होऊन स्थिरस्थावर होईपर्यंत चहा होतो, कप विसळून होतात. मला विचाराल तर सीडी परत पाकिटात घाला. पाकिटावर छापलेला यूजरनेम, पासवर्ड आणि १७२नं सुरू होणारा डायल करायचा नंबर, एवढंच आपल्या कामाचं. बाकी सगळं विंडोज ९८मध्ये आधीच असतं.

पण विंडोजला हात लावण्याआधी डबी. टेलिफोनची वायर घरात येते तिथली रोझेट. एक स्क्रू काढला की झाकण हातात येतं. आत दोन स्क्रू, दोन तारा, कोळ्याचं जाळं, थोड्या मुंग्या आणि तांब्याच्या टोकांवर हिरवा थर. हा हिरवा गंज बोलण्याच्या आड फारसा येत नाही. जरा खरखर होते, माणूस "हां? हां?" करत निभावून नेतो. मोडेमही समोरच्याला "पुन्हा सांग, पुन्हा सांग" म्हणत राहतो, पण त्यात वेग निम्म्यावर येतो आणि शेवटी लाइन पडते. तेव्हा तारेची खराब टोकं कापायची, ब्लेडनं अर्धा इंच आवरण काढायचं, तांबं चकचकीत होईपर्यंत खरवडायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळसा देऊन स्क्रू आवळायचा. उलटा वळसा दिला तर स्क्रू फिरताना तार बाहेर ढकलतो. कुठली तार कुठल्या स्क्रूला, याची मोडेमला फिकीर नसते. फक्त आवरण दातानं सोलू नका. एरवी लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतात, त्यानं फार तर झिणझिण्या येतात. पण नेमकी त्या वेळी रिंग आली तर पाऊणशेच्या आसपास व्होल्टचा एसी दाताला लागतो. फोन बहुधा "नेट लागलं काय बे?" हे विचारायलाच आलेला असतो.

मग साधा फोन थेट डबीला जोडा, एक आकडा दाबा आणि ऐका. टोन थांबतो. त्या शांततेत तळण तळल्याचा आवाज येत असेल तर दोष लाइनमध्ये आहे, विंडोज निर्दोष. फोन बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर माजघरात असेल तर मधली वायर ट्यूबलाइटच्या वायरीला खेटून नेऊ नका, चोकची घरघर तीत उतरते. चपटी वायर दाराच्या फटीतून नेली की घरातला प्रत्येक माणूस ते दार आपटतो, हेही लक्षात असू द्या.

आता मोडेम. मागे दोन भोकं असतात, 'लाइन' आणि 'फोन'. भिंतीची वायर 'लाइन'मध्ये. हे सांगायची गरज नसावी, पण असते. मोडेमच्या तीन जाती. पीसीआय स्लॉटमधला स्वस्त मोडेम हा अर्धाच मोडेम असतो. उरलेलं काम तो प्रोसेसरकडून करून घेतो. १६६ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला ते झेपत नाही. मग पान उघडताना पॉइंटर उड्या मारतो आणि लाइन तुटते. नव्या पेठेत भाव करून वाचवलेले पैसे इथे वसूल होतात. दुसरी जात म्हणजे जंपरवाला जुना आयएसए मोडेम. तो बहुधा कॉम-३ या पोर्टवर येतो. कॉम-१ आणि कॉम-३ दोघे प्रोसेसरला हाक मारायची एकच ओळ, आयआरक्यू ४, वापरतात, कॉम-२ आणि कॉम-४ आयआरक्यू ३. घरातला माऊस गोल पिनांचा नसून सीरियल, म्हणजे नऊ पिनांचा असेल तर तो कॉम-१वर बसलेला असतो. अशा घरात नेट लागलं की माऊस मरतो आणि माऊस हलवला की नेट. दोघांपैकी कुणाला जगवायचं हे ठरवण्याऐवजी मोडेमचा जंपर कॉम-२, आयआरक्यू ३वर करा आणि बायोसमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, मदरबोर्डचा कॉम-२ बंद करा.

तिसरी जात बाहेर ठेवायची, लाल दिव्यांची. जुन्या मशिनला मी हीच घ्यायला सांगतो. महाग आहे, पण दिवे बघून निदान करता येतं आणि प्रोसेसरवर भार नाही. फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये 'मोडेम्स', 'डायग्नोस्टिक्स', 'मोअर इन्फो' इथे जाऊन यूएआर्टच्या, म्हणजे सीरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या, ओळीत १६५५० आहे का बघा. त्या चिपमध्ये १६ बाइट्स साठतात. त्याआधीच्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकच बाइट मावतो. अशा पोर्टला सेकंदाला १,१५,२०० बिट्सचा वेग दिला तर प्रोसेसर यायच्या आत पुढचा बाइट येऊन आधीच्याला ढकलतो. तिथे १९,२००वर समाधान मानायचं.

विंडोजचं काम त्यामानानं सरळ आहे. 'ॲड-रिमूव्ह प्रोग्राम्स', 'विंडोज सेटअप', 'कम्युनिकेशन्स', तिथे 'डायल-अप नेटवर्किंग'वर खूण. लगेच विंडोज ९८ची सीडी मागितली जाते, आणि ती नेमकी कुणाच्या तरी साडूकडे गेलेली असते. सीडी मिळेल त्या दिवशी तिच्यातला विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, दीडशे एमबी मोकळे असले की पुरे. पुढे विंडोजनं सीडी मागितली की त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. 'नेटवर्क'मध्ये टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटची बोली, हवंच. 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स'ही टाका, नाहीतर पासवर्ड साठवायची खूण करड्या रंगात बसून राहते.

मग 'माय कॉम्प्युटर', 'डायल-अप नेटवर्किंग', 'मेक न्यू कनेक्शन'. इथे सोलापूरकर हमखास अडकतो. एरिया कोड विचारला की आपण अभिमानानं ०२१७ लिहितो. विंडोजच्या हिशेबात कोड २१७ आहे, शून्य ते स्वतः लावतं. एका ठिकाणी २१७ आणि दुसऱ्या ठिकाणी ०२१७ असेल तर त्याला ही दोन वेगळी गावं वाटतात. मग ते आपलं शून्य, आपण दिलेलं शून्य आणि पुढे २१७ असं डायल करतं. सुरुवातीला दोन शून्यं म्हणजे आयएसडी. सात रस्त्याहून सोलापूरच्याच एक्स्चेंजला निघालेला कॉल परदेशाच्या वाटेला लागतो. आयएसडी बंद असल्याची सूचना देणाऱ्या बाईंचा आवाज मोडेमला कळत नाही. तो वाट बघतो, पडद्यावर एरर ६७८, म्हणजे पलीकडून उत्तर नाही, असं येतं, आणि मेकॅनिक सीडी काढतो. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये एरिया कोड वापरण्याची खूणच काढून टाका, नुसता १७२वाला नंबर राहू द्या. 'सर्व्हर टाइप्स'मध्ये पीपीपी. 'लॉग ऑन टू नेटवर्क', नेटब्युई आणि आयपीएक्स या ऑफिसातल्या नेटवर्कच्या बोलींच्या खुणाही काढा, नाहीतर पासवर्ड तपासण्याच्या पायरीवर मशिन उगाच घुटमळतं. डीएनएसचे (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचे) आकडे भरू नका, सर्व्हर देतो.

पहिल्यांदा डायल केलं की ६८० येतो : डायल टोन नाही. फोन उचलून बघावं तर टोन खणखणीत. याचं कारण असं, की अमेरिकेतला टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झचा, आपला ४०० हर्ट्‌झचा, तोही २५ हर्ट्‌झवर थरथरणारा. तिकडच्या मापावर बेतलेल्या मोडेमला आपला टोन टोन वाटतच नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा, किंवा 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये एक्स३ लिहा. मोडेम टोनसाठी अडून बसत नाही, एंगेज मात्र ओळखतो. घरात छोटं इंटरकॉम असेल तर नंबरच्या आधी शून्य आणि स्वल्पविराम. स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद दम.

नंतरची किंचाळी म्हणजे लग्नाची बैठक. आधी पलीकडचा मोडेम २१०० हर्ट्‌झची लांब शिट्टी देऊन लाइनवरचे प्रतिध्वनी रोखणारे फिल्टर बंद करायला लावतो, म्हणजे मधल्या माणसांना गप्प बसवतो. मग दोन्ही पक्ष मागण्या मांडतात. ५६ हजारापासून सुरुवात, लाइनची ऐपत बघून घासाघीस, आणि ४५,३३३ किंवा ४४,०००ला तोडगा. आपल्याकडून जाणारा वेग ३३,६००च्या वर ५६ हजाराच्या (व्ही.९०) मोडेमला जमतच नाही. हे बोलणं ऐकण्यासारखं असतं, म्हणून मोडेमचा स्पीकर सुरुवातीला बंद करू नका. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या बाजूला शेजारी लूम चालू असेल तर मात्र कान मोडेमलाच लावावा लागतो.

कुणी "माझं नेट एक लाख पंधरा हजारानं लागतं" म्हणालं तर हसू नका. तो कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या वायरीचा वेग आहे, रस्त्यावरचा नव्हे. खरा आकडा हवा तर बऱ्याच मोडेमना 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'मध्ये डब्ल्यू२ लागतं. एक एमबी उतरवायला तीन-चार मिनिटं लागणार, हा हिशेब धरून चाला.

बाकीचे आकडे पटकन : ६७६ म्हणजे एंगेज, रात्री दहानंतर नेहमीचंच. ६९१ म्हणजे नाव-पासवर्ड चुकलं, आधी कॅप्स लॉक बघा. ६३० म्हणजे मोडेम उत्तर देत नाही, बाहेरचा असेल तर त्याचा अडॅप्टर बघा. लोडशेडिंगसाठी यूपीएस घेतात, सीपीयू आणि मॉनिटर त्यावर लावतात आणि मोडेमचा अडॅप्टर भिंतीतच ठेवतात. वीज गेल्यावर कॉम्प्युटर दिमाखात चालू, नेट बंद. कॉल वेटिंग असेल तर बंद करून घ्या, त्याच्या एका टिक्‌नं उतरत आलेली फाइल जाते. आजीनं समांतर फोन उचलला तरी तेच, पण आजीला सेटिंग नाही.

मे महिन्यात वळीव यायच्या आधी ढग गडगडले की बटण बंद करून भागत नाही. वीज टेलिफोनच्या तारेतूनही येते. मोडेमची पिन डबीतून उपसून ठेवा.

शेवटी एक खूण, जिच्यामुळे घरात भूत असल्याचा संशय येतो. 'इंटरनेट ऑप्शन्स'च्या 'कनेक्शन्स'मध्ये 'नेव्हर डायल' निवडा. नाहीतर कुठलाही प्रोग्राम मनात आलं की स्वतः नंबर फिरवतो, आणि दर तीन मिनिटांना एक कॉल मीटरवर पडत राहतो. रात्री दोन वाजता मोडेम ओरडला तर भगताकडे जाऊ नका. तो आउटलुक असतो, पत्र आलंय का बघायला उठलेला.