‘काही अपडेट?’ विचारणाऱ्यांनो

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या फुकट सॉफ्टवेअरच्या इश्यूखाली (तक्रारीच्या नोंदीखाली) ‘काही अपडेट?’ लिहिणं हा बग रिपोर्ट नाही. ‘+१’, म्हणजे ‘मलाही हाच त्रास’, हाही नाही. त्या इश्यूवर लक्ष ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक मेल जातो, बग जागचा हलत नाही. अंगठ्याचं बटण दिलंय ना? ते दाबा आणि गप्प बसा.

त्याहून डोक्यात जातं ते ‘तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही’. अहो, कुठल्या व्हर्जनवर? कमांड काय दिली? वर स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो. एरर मजकूर म्हणून चिकटवली तर ती शोधता तरी येते! आधीच्या व्हर्जनवर चालत होतं म्हणता, तर गिट बायसेक्ट लावा: गिट कोडमधला प्रत्येक बदल (कमिट) नोंदवून ठेवतं, बायसेक्ट त्यांतले निम्मे-निम्मे गाळत जातं. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत बिघडवणारा कमिट हाती लागतो. त्यासाठी सी भाषा यावी लागत नाही, कोडपासून प्रोग्राम तयार (बिल्ड) करता आला की झालं.

आणि ‘हे काम मला असाइन करा’, म्हणजे माझ्या नावावर टाका, म्हणून गायब होणारे? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा आणि गाडीत चढायचंच नाही! हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम. २०२० साली त्यात टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) पाठवणाऱ्यांची अशी झुंड आली की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले.

फुकट ते पौष्टिक, पण सांभाळणार कोण? फायली दाबून लहान करणारं एक्सझेड जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. सांभाळणारा एकटा. २०२२ मध्ये त्याने लिहिलं, हा बिनपगारी छंद आहे. तरी रिलीज कधी, मेंटेनर (सांभाळणारा) बदला, हा तगादा चालूच. तगादा लावणारी खाती बहुधा बनावट होती, पण ती खपून गेली, कारण खरी माणसंही तशीच बोलतात! मग ‘जिया टान’ नावाचा मदतनीस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला आणि २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांतून मागचं दार, म्हणजे संगणकात चोरून शिरायची वाट आली. त्याचा घातक मालमसाला गिटमध्येच, चाचणीच्या फायलींत लपवलेला. तो जागा करणारी, बिल्डच्या वेळी चालणारी बदललेली फाइल बिल्ड-टू-होस्ट.एम४ मात्र फक्त रिलीजच्या टारबॉलात (कोडच्या गाठोड्यात). ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांच्या चार फायली टारबॉलात जास्त असतातच, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून पाहिलं म्हणून वाचलो.

तेव्हा तक्रार करायची तर आधी एवढं करा. एक जुना इश्यू उघडा, ताज्या व्हर्जनवर चालवून बघा आणि ‘अजून होतंय’ किंवा ‘आता होत नाही’ हे व्हर्जनसकट लिहा. होत नसेल तर सांभाळणारा बिचारा तो इश्यू बंद करून झोपायला तरी जाईल.