पऱ्हाटी पिवळी पडली की बॅग फोडायची?

झड उघडली की आमच्याकडे कृषी केंद्रासमोर गर्दी होते. वावर पाण्याने चिबडलेलं, पऱ्हाटी (कपाशी) पिवळी, आणि सल्ला ठरलेला : "फेका न बाप्पा युरिया!" माझं स्पष्ट मत आहे, युरिया फेकायला याहून वाईट दिवस नाही.

ओल्यात झाड पिवळं पडतं ते बहुतेक वेळा मुळांचा श्वास कोंडल्यामुळे. समोर अन्न असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. जिवाणू मात्र थांबत नाहीत. युरियाचं आधी अमोनियम होतं. मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट. या कामाला हवा लागते. पाण्याने काळी माती फुगली, भेगा मिटल्या, की हवा संपते. तेव्हा स्युडोमोनाससारखे दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातो. काम शेवटपर्यंत गेलं तर साधा नायट्रोजन निघतो, त्याने हवेचं काही बिघडत नाही, आपले पैसे तेवढे जातात. पण माती अर्धी ओली, अर्धी सुकी असली की शेवटची पायरी अडते, आणि नायट्रस ऑक्साइड तसाच बाहेर पडतो. आपला पावसाळा तर असाच : दोन दिवस झड, दोन दिवस ऊन. भंडारा-गोंदियाच्या धानात पाणी सतत उभं असतं, तिथे या वायूपेक्षा मिथेनची भानगड मोठी.

नायट्रस ऑक्साइड किलोला किलो धरला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. ४५ किलोच्या बॅगेत नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा ढोबळ हिशेब असा, की टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन जातो. म्हणजे एका बॅगेमागे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार. वावरागणिक हा आकडा बराच हलतो, ते वेगळं.

आता यावरून कोणी कास्तकाराला गुन्हेगार ठरवायला निघालं तर मी भांडेन. युरियाची बॅग २६६.५० रुपयांना आणि डीएपीची १३५० ला, मग हात कुठे सैल सुटणार? २०१५ पासून युरियाला निंबोळीचं आवरण सक्तीचं आहे, त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. चांगलंच आहे, पण तुंबलेल्या वावराचा इलाज तो नाही. (सोयाबीनवर वरून युरिया फेकणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र आयता देतात, आणि वरून नत्र मिळाला की गाठी आळसावतात.)

खरा इलाज पाणी बाहेर काढण्याचा. पण पाणी साठवण्याचा जेवढा गाजावाजा होतो, तेवढा ते काढण्याचा होत नाही. मागेल त्याला शेततळं आलं, मागेल त्याला चर कधी येणार? एकट्याने चर खोदला तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात, आणि धुऱ्यावर भांडण. नाल्यापर्यंतचा चर शिवाराच्या उताराने सामाईक कामातच व्हायला हवा. गावच्या आराखड्यात तो घालायला लावा, ग्रामसभेत उठून बोला.

तोवर बॅग घरात ठेवा. वापसा येऊ द्या, म्हणजे पाणी ओसरून माती ओलसर पण मोकळी होऊ द्या, मग थोडा थोडा करून मुळाशी द्या आणि तो मातीत झाकायला मागून डवरा (कोळपं) फिरवा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत वरवर पडलेला युरिया अमोनिया होऊनही उडतो.