हलगीवाल्याची ओळख कुठंय?

आपल्या सोलापूरच्या पोरांच्या बँडचं पोस्टर आज सकाळी व्हॉट्सॲपवर आलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. लोकसंगीत अधिक रॉक, गाणी स्वतःची, पैसाही स्वतःचाच. गिटारवाला कुठल्या परीक्षा पास, कीबोर्डवाली गायनात विशारद, बेसवाला पुण्यात शिकून आलेला, सगळं फोटोसकट टाकलंय. आणि हलगी? फोटो नाही, नाव नाही. खाली बारीक अक्षरात "हलगी व इतर साथ".

व इतर!

या बँडची तालीम मी पावसाळ्यात पाहिलीय. दमट हवेनं हलगीचं कातडं सैल पडलेलं. त्या पोरानं बाहेर कागद पेटवले, हलगी आचेवर फिरवत शेकली, टिचकी मारून कान लावला, पुन्हा शेकली. आतून "चल की बे लवकर" चालूच. गिटारवाला मोबाईलवर बघून तारा लावतो ते संगीत, आणि हा नुसत्या कानानं कातडं सुरात आणतो ती साथ?

इंडियन ओशन ऐकता ना सगळे? १९९० साली दिल्लीत सुरू झालेला बँड. असीम चक्रवर्ती मांडीपुढे तबला घेऊन गायचे, तेही मंचाच्या मागे बसून नाही. २००९ मध्ये ते गेले, तर गायला एक आणि तबल्याला एक अशी दोन माणसं घ्यावी लागली. बेस वाजवणारे राहुल राम कॉर्नेलचे पीएचडी, पण 'मा रेवा' हे गाणं त्यांना विद्यापीठानं नाही दिलं, नर्मदेच्या आंदोलनानं दिलं. स्वतःचा बँड घेऊन फिरणारे कन्नड गायक रघू दीक्षित भरतनाट्यम शिकलेले, आणि गातात कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं. अशा बँडमध्ये कोण कुठून काय घेऊन आलं, हीच तर खरी गंमत असते.

त्याच तालमीत एका गाण्यात ड्रमवाला सारखा चुकत होता. वन टू थ्री फोर मोजायचा आणि समेवर घसरायचा. हलगीवाला म्हणाला, "मोजतो कशाला बे, तोंडानं म्हण." आणि अख्खा ठेका तोंडानं वाजवून दाखवला. पुढच्या फेरीत गाणं उभं राहिलं. हे त्यानं बापाकडून घेतलंय, बापानं आजाकडून. लग्नात, मयतीत, देवाच्या दारात वाजवून. याला शिक्षण म्हणत नाहीत, कारण सर्टिफिकेट नाही. आणि जातीचा काही संबंध नाही असं कृपया कमेंटमध्ये लिहू नका. हलगी कुणाच्या हातात राहिली आणि का, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हलगी कडाडली की अंगावर काटा येतो, पण वाजवणाऱ्याचं नाव विचारायचं आपल्याला सुचत नाही.

बरं, बाकीच्या पोरांचीही मेहनत आहे, मान्य. पोस्टर त्यांनी केलेलंही नाही. गिटारवाल्याला फोन केला तर तोच माझ्यापेक्षा जास्त चिडलेला होता, म्हणाला, "दादा, आम्ही सहा जणांची माहिती पाठवली होती." ऐकून जरा बरं वाटलं. पोरं चांगली आहेत.

आयोजकहो, छपाई व्हायचीय अजून. त्याचं नाव टाका, खाली "वडिलांकडून शिक्षण" एवढं लिहा.

आणि मित्रहो, कार्यक्रमाला जाल तेव्हा सेल्फीसाठी गायकाभोवती गर्दी करण्याआधी त्या पोराला गाठा. कुणाकडं शिकलास, एवढंच विचारा. भरभरून बोलतो तो.