चूक मारिओची की घेणाऱ्यांची?

काल रात्री कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पुन्हा इटलीचा फुटबॉलपटू, स्ट्रायकर मारिओ बालोटेलीचा विषय निघाला. आमच्यात इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे चाहते तिघं, त्यामुळं २०१४ ला क्लबनं त्याला घेतलं ती जखम अजून ओली आहे.

"१६ मिलियन पौंड मोजले भावा! लीगमध्ये १६ मॅच आणि गोल एक," दादानं तोंड उघडलं. "अन् आपल्याच मैदानावर, अॅनफिल्डवर रिआल माद्रिद तीन गोलनं पुढं, तर हा गडी हाफटाइमला त्यांच्या पेपेबरोबर शर्ट बदलतोय. पेठेच्या टीममधल्या पोरानं असं केलं असतं तर तालमीची पायरी चढू दिली असती काय?"

"नसती," मी म्हटलं. ते शर्टाचं मलाही त्या रात्री फार लागलं होतं. पण तो कसा आहे हे घेताना माहीत नव्हतं का? ऑगस्ट २०१४ च्या सुरुवातीला कोच ब्रेंडन रॉजर्स ठणकावून सांगत होता, बालोटेली आमच्याकडं येणार नाही. महिना संपायच्या आत सही! आदल्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल मारलेला आमचा सुआरेझ बार्सिलोनाला गेलेला, हवा होता त्या सांचेझनं आर्सेनल धरलेलं, खेळाडू खरेदीचा बाजार बंद व्हायला आठवडा उरलेला. घाईत जो मिळाला तो घेतला.

आणि घेतला तो कुठल्या खेळासाठी? आदल्या हंगामात लिव्हरपूलनं लीगमध्ये १०१ गोल मारले ते पुढूनच धावत, समोरच्या डिफेन्सला श्वास घेऊ न देता. बालोटेलीला बॉल पायात लागतो, तो असा पळणारा नाही. टॉटनहॅमविरुद्ध पहिल्याच मॅचला आमचा दुसरा स्ट्रायकर स्टरिजच्या जोडीला उतरला, ३-० जिंकलो. मग स्टरिज जखमी झाला आणि याला वर एकटा सोडला. तिथंच सगळं बिघडलं असं माझं ठाम मत आहे.

"आणि तुर्कस्तानच्या बेसिकतासविरुद्धची पेनल्टी?" आमचा गोली चिडला. त्या दिवशी कॅप्टन हेंडरसन होता, त्याच्याकडून बॉल काढून घेतला यानं.

"गोल मारला की!"

"मारला. पण कॅप्टनचं ऐकायचं नाही हे बाकीच्या पोरांनी बघितलं त्याचं काय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तरी फ्रान्सच्या नीस क्लबचं सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. २०१६ ला लिव्हरपूलनं त्याला फुकट सोडला, तो नीसला गेला. तिथं पहिल्याच हंगामात लीगमध्ये १५ गोल मारले, नीस तिसरं आलं. पुढच्या हंगामात १८. माणूस तोच, डोकंही तेच. त्याला बॉल कुठं हवा हे तिथं कुणीतरी बघितलं.

गोली जरा गप्प झाला. दादा मात्र गाडीला किक मारतानाही पुटपुटत होता, "हाफटाइमला रे... मॅच संपायची तरी वाट बघायची!"